खडखड

आवाजाला नावे ठेवणे सोपे असते. नाव देणे कठीण. शेजारणीचा मिक्सर, गल्लीतल्या फटफट्या, लग्नसराईतला बँड या सगळ्यांना आपण सरसकट 'कटकट' म्हणतो आणि मोकळे होतो. पण एखाद्या वस्तूचा आवाज बिघडला आहे आणि तो बिघाड शोधून काढायचा आहे, असे ठरवले की 'कटकट' हा शब्द काही कामाचा राहत नाही. मग कान टवकारून बसावे लागते. सैल असते ते खडखडते, डबीत सुटे पडलेले असते ते खुळखुळते. पत्रा थरथरतो, काच किणकिणते, फाटका कागद फरफरतो, तार झणझणते, एकमेकांवर घासणारे खरखरते आणि फटीतून वारा निघाला की फुसफुसते. मराठीत आवाजांची ही केवढी श्रीमंती आहे! पण ती माझ्याकडून कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकाने घोटून घेतली नाही. ते काम गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या सबवूफरने केले.

सबवूफर म्हणजे काय हे माझ्या वर्गमित्रांना सांगायला नको. गणेशोत्सवात छातीत धडकी भरवणारे जे काही असते, त्याचेच हे घरगुती भावंड. पण आमच्या प्राध्यापकांपैकीही काही जण हे पान वाचतील, म्हणून थोडे सांगते. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यांतले तळाचे, आमच्या संचात साधारण शे-सव्वाशे कंपनांच्या आतले, आवाज काढण्याचे काम एका वेगळ्या डब्याकडे सोपवलेले असते. खालचा स्वर काढायचा तर पुष्कळ वारा ढकलावा लागतो. त्याला मोठा कोन लागतो, आणि तो मागेपुढे हलायला जागाही लागते. चिमुकल्या स्पीकरची ती ताकद नसते. म्हणून फोनवर पखवाज ऐकणे म्हणजे वरणाची नुसती निवळ पिणे. खालची डाळ भांड्यातच राहते.

आमचा डबा २०१४ च्या दिवाळीत मधल्या काकांनी आणला. होम थिएटर म्हणून आणला. पाच लहान स्पीकर आणि हा एक मोठा. लहानांपैकी दोघांच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या, एक दादाने कसल्याशा प्रयोगासाठी नेला तो परत आला नाही. मोठा मात्र हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर ठाण मांडून बसला. त्याच्यावर वर्तमानपत्रे ठेवली जात, कधी चहाचा कपही. त्याला किंमत आली ती आजी आमच्याकडे राहायला आल्यावर.

आमचे जुने घर कृष्णाकाठच्या एका खेड्यात. आजोबा तिथल्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत. धंदा शेतीचा, पण एकादशीला दुसरे काही नाही. १९९१ साली एका एकादशीला काकांनी माजघरात टू-इन-वन ठेवून ते भजन टेप केले. आजोबा २००९ मध्ये गेले. २०१७ मध्ये दादाने त्या कॅसेटवरचे भजन संगणकात उतरवून घेतले, हे त्याचे आम्हा सर्वांवर उपकारच. कारण २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात घराच्या मातीच्या भिंती बसल्या. कॅसेट गेली. पखवाज आठ दिवस पाण्यात राहिला, तोही गेला. राहिली ती दादाच्या संगणकातली अठ्ठेचाळीस मिनिटे आणि आजी.

आजीचे वय आता ८४. वयाबरोबर कान जातात ते वरच्या अंगाने. आधी पाखरांची चिवचिव जाते, मग कुकरच्या शिट्ट्यांवर भरवसा राहत नाही, मग बोलण्यातले स, श, फ असे बारीक वर्ण गळतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "ऐकू येतं गं, पण कळत नाही." जाड आवाज मात्र बराच काळ साथ देतात. फोनवर ते भजन आजीला लावून दिले तेव्हा ती नुसती बघत राहिली. टाळ तिला ऐकू येत नव्हते आणि पखवाज फोनमध्ये नव्हताच. मग तोच फोन मोठ्या डब्याला जोडला. पहिली थाप पडली आणि तिने जमिनीवर टेकलेला तळहात तसाच ठेवला. "ह्यांचा डावा," एवढेच म्हणाली.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावतात. तिच्या वजनाने कातड्याचा स्वर खाली येतो आणि त्याला घुमारा येतो. ती कणीक आमच्या आजीने किती वर्षे मळली असेल! पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा बाजूला काढायचा, तो थोडा सैल करायचा. किती सैल, ते तिला ठाऊक. तेव्हा 'ह्यांचा डावा' यात तिचाही थोडा वाटा होता असे मी समजते. रोज दिवेलागणीनंतर ती त्या डब्याजवळ पाठ टेकून बसू लागली.

आणि जुलैमध्ये त्या डाव्याच्या प्रत्येक थापेमागून खडखड येऊ लागली. आजीने दोन दिवस ऐकले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बंद कर ते. ह्यांच्या हाताला असली खडखड नव्हती." त्यानंतर तिने ते भजन लावायला सांगितले नाही.

घरात बिघाड झाला की वैद्य फार होतात. काका म्हणाले, "वूफर फाटला." आई म्हणाली, त्याच्यावर कप ठेवू नका असे मी केव्हाची सांगते आहे. गावातल्या एका दुकानात डबा नेला, तर त्या गृहस्थांनी तो लावून अर्धा मिनिट ऐकल्यासारखे केले आणि "कॉइल गेली. हे दुरुस्त होत नाही. नवा घ्या," असा निकाल दिला. निकाल देताना त्यांची नजर नव्या डब्यांच्या रांगेकडे होती, हे मला आवडले नाही. पण खरी धास्ती दादाच्या बोलण्याने वाटली. तो म्हणाला, "डब्याचं काही नाही. ते रेकॉर्डिंगच मुळात तसलं आहे. जुनी कॅसेट, दुसरं काय असणार?" डबा बिघडला तर डबा बदलता येतो. रेकॉर्डिंग बिघडलेले असेल तर ते कोणत्या दुकानात न्यायचे?

समीक्षेच्या तासाला आम्हांला सांगतात की दोष कलाकृतीत आहे, सादरीकरणात आहे, की ऐकणाऱ्याच्या जागेत आहे, याचा घोटाळा करू नका. परीक्षेपुरते ते मी लिहिले होते. आता ते अक्षरशः करायचे होते. खडखड तीन ठिकाणी असू शकत होती : भजनात, डब्यात किंवा खोलीत.

आधी दुसरी गाणी लावून पाहिली. चांगली, नव्या रेकॉर्डिंगची. खडखड त्यांतही होती. सगळीकडे नव्हे, काही जागी. म्हणजे निदान सगळा दोष कॅसेटच्या माथी मारता येत नव्हता. दादा म्हणाला, "दोन्हीत असेल." त्याच्याशी मी त्या वेळी वाद घातला नाही.

मग फोनवर एक साधन उतरवून घेतले. त्यातून हव्या त्या कंपनसंख्येचा एकच सलग स्वर निघतो. आवाज मुद्दाम लहान ठेवला, कारण असा अखंड स्वर मोठ्याने वाजवत राहिले तर कॉइल तापून खरोखरच जळायची, आणि मग दुकानदाराचे भविष्य खरे ठरायचे. ३० पासून सुरुवात करून एकेक पाऊल वर चढत गेले. ५० पर्यंत सगळे स्वच्छ. ५८ च्या आसपास एक जाड खडखड आली आणि ६२ ला गेली. ७२ ला अचानक एक तीव्र किणकिण सुरू झाली, ती ७५ ला थांबली. पुढे शंभरापर्यंत काही नाही.

या एका फेरीने मला फार शिकवले. आपण ज्याला एक खडखड समजत होतो त्या दोन होत्या. आणि त्या ठरावीक स्वरालाच जाग्या होत होत्या. झोपाळ्याला आपला असा एक झोका असतो. त्या लयीत बोटाने ढकलले तरी तो उंच जातो आणि अवेळी कितीही जोर लावला तरी अडखळतो. तशी प्रत्येक सैल वस्तूची एक आवडती कंपनसंख्या असते. ती ऐकू आली की वस्तू नाचू लागते, एरवी गप्प. घासणारी कॉइल असले मुहूर्त पाहत नाही. कोन जितका अधिक हलेल तितकी ती अधिक खरखरते, म्हणजे खालच्या स्वरांना जास्तच. इथे ३० ते ५० पर्यंत खरखरीचा मागमूस नव्हता. खात्रीसाठी वीज काढून, पुढची जाळी उतरवून, दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चारी बाजूंनी सारखा दाबून पाहिला. तो लोण्यासारखा आत गेला आणि तसाच बाहेर आला. कॉइल शाबूत होती.

आता या दोघी कुठे बसल्या आहेत ते शोधायचे. खालच्या स्वराची गंमत अशी की तो कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे ६० कंपनांच्या स्वराची एक लाट जवळजवळ पावणेसहा मीटर लांबीची. आपल्या दोन कानांत अंतर वीतभर! एवढ्या लाटेची दिशा त्यांना कशी समजावी? तो स्वर साऱ्या खोलीत भरलेला वाटतो आणि त्याच्या गर्दीत बारीक चोर लपून जातो. म्हणून मी कानाचा नाद सोडून हात कामाला लावला. धाकट्याने फोन धरून ७२ चा स्वर लावायचा आणि मी खोलीतल्या एकेका वस्तूवर तळहात ठेवायचा. ज्या वस्तूवर हात ठेवल्यावर आवाज थांबेल ती गुन्हेगार. शोकेसची काच निर्दोष निघाली. पितळी समई, खिडकीचे गज, पंख्याचा रेग्युलेटर, सगळे सुटले. शेवटी भिंतीवरच्या तसबिरीवर हात ठेवला आणि किणकिण थांबली.

ती तसबीर आजोबांची होती.

दादा म्हणाला, "बघ, स्वतःच्याच वादनाला दाद देतायत." आम्ही हसलो, आजीला ऐकू गेले नाही ते बरे झाले. तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना कापसाचे बोळे चिकटवले. ७२ ला आता शांतता. मोठ्या ऐटीत मी आजीला बोलावून आणले, भजन लावले. आम्हा सगळ्यांना फरक स्वच्छ कळत होता. आजीने दोन थापा ऐकल्या आणि मान हलवली. "तीच आहे."

मला क्षणभर राग आला, पण तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. काचेची ती बारीक किणकिण तिच्या कानाला कधी ऐकूच आली नव्हती. तिला छळत होती ती दुसरी, ५८ ची जाड खडखड. आमच्या तरण्या कानांना किणकिणीने इतके गुंतवून ठेवले होते की खरी दुखरी जागा बाजूलाच राहिली होती. आजीच्या कानांनी बारीक आवाज आपोआप गाळून टाकला होता. निदानासाठी असे कान मिळणे म्हणजे भाग्य! मी तिला म्हटले, "आजी, तू इथंच बस. आता तू सांगशील तेव्हाच संपलं म्हणायचं."

खोलीला वगळायचे म्हणून डबा गच्चीवर नेला आणि जाड गोधडीवर ठेवला. तिथे ना शोकेस, ना तसबीर. ५८ ला खडखड हजर. म्हणजे ही डब्याचीच. जाळी काढून पाहिली, स्क्रू आवळून पाहिले, मागची वायर हातात धरून पाहिली. हटायला तयार नाही.

इथे आमच्या मिरजेचा उपयोग झाला. दुसऱ्या गावात मी काय केले असते, कोण जाणे. मिरजेत सतारी आणि तानपुरे करणारी घराणी शतकाहून अधिक काळ नांदत आहेत. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्यातले एक चाचा आमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांनी आयुष्यभर भोपळ्यांवर टिचक्या मारून त्यांच्या आतले ओळखले आहे. गच्चीवर येऊन त्यांनी डबा उचलला, कानाशी धरला आणि बोटाच्या पेराने ठोकायला लागले. वर, बाजूला, मागे. टक्, टक्, टक्. खाली मागच्या कोपऱ्यात आल्यावर 'टक्' चे 'भद्' झाले.

"बेटा, हा सांधा सुटलाय," ते म्हणाले. "इथं अंगठा दाब आणि वाजव."

अंगठा दाबला, ५८ लावले. खडखड नाही. अंगठा काढला, आली.

डबा उलटा केल्यावर कारण दिसले. तो काही सागवानाचा नव्हे. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा, वरून काळा कागद. दहा-अकरा वर्षे तो फरशीवर बसला होता आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने फरशी पुसली जात होती. खालच्या कडेने पाणी पीत पीत फळी फुगली, सरस सुटला आणि दोन फळ्या एकमेकींवर आपटू लागल्या. पावसाळ्यात ते वाढले इतकेच. चाचांनी फट साफ केली, सुरीच्या टोकाने फळीत डिंक भरला आणि तानपुऱ्याचा भोपळा बांधावा तसा सुतळीने डबा आवळून एक दिवस ठेवायला सांगितले. खाली चार रबरी बूच लावले, म्हणजे फडके फिरले तरी पाणी लागणार नाही. पैसे विचारले तर म्हणाले, "भजन ऐकव."

जाता जाता ते एक बोलून गेले, ते मी वहीत लिहून ठेवले आहे. मी म्हटले होते की तुमच्या वाद्यांत असली झणझण चालत नसेल. ते हसले. तानपुऱ्याची सगळी गोडीच झणझणीत असते म्हणाले. घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात, तार घोडीला हलकेच लागत राहते, आणि मग तिच्यातून स्वरांचा तो झंकार उठतो, तीच जवारी. ती जुळवण्यात त्यांची उमर गेली. "फरक एवढाच," ते म्हणाले, "जवारीत तार स्वतः बोलते. तुझ्या डब्यात भलताच बोलत होता." सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपल्या चर्मवाद्यांविषयी लिहिले होते, की नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण आपल्या वाद्यांवर मध्यभागी शाईचे वजन चढते आणि ते स्वरात येतात. ते वाचल्यापासून मला वाटते, आपले कारागीर नको असलेला आवाज मारण्यापेक्षा त्याला कामाला लावण्यात अधिक रमले असावेत. असो, आमच्या डब्याच्या बाबतीत मात्र मारणेच योग्य होते.

दुसऱ्या दिवशी सुतळी सोडली. ३० पासून १०० पर्यंत स्वर एकसारखा चढला. संध्याकाळी आजीने पंधरा मिनिटे ऐकले आणि म्हणाली, "आता आहे." एवढ्या शोधाला मिळालेले ते प्रशस्तिपत्र.

इथे मी थांबले असते. पण दादाचे 'दोन्हीत असेल' डोक्यातून जाईना. रात्री मी हेडफोन लावून भजन ऐकायला घेतले. हेडफोनवर डबा नाही, खोली नाही. जे आहे ते फक्त रेकॉर्डिंगचे. विसाव्या मिनिटाला अभंगाची लय चढते, आजोबांचा हात मोकळा सुटतो, आणि तिथे डाव्याच्या मोठ्या थापेमागून एक अगदी बारीक खुळखुळ ऐकू येते. पुन्हा पुन्हा ऐकली. दादाला उठवून ऐकवली. तो म्हणाला, "मी सांगत नव्हतो? कॅसेटच खराब."

पण ते मला पटेना. फीत खराब असली की तिचा दोष सगळ्यांना सारखा लागतो. सूर हेलकावतो, सरसर अखंड चालते, मध्येच आवाज बुडतो. फीत काही डाव्या थापेची वाट पाहत बसत नाही. ही खुळखुळ बुवांच्या गळ्याला येत नव्हती, टाळांना येत नव्हती, पखवाजाच्या उजव्यालाही नाही. फक्त डावा जोरात पडला की येई आणि क्षणभर रेंगाळून विझे. आमच्या तसबिरीसारखेच त्या १९९१ च्या माजघरात काहीतरी होते, आणि ते काचेचे नव्हते, धातूचे होते.

सकाळी आजीच्या कानांना हेडफोन लावले. आवाज पुष्कळ वाढवला, कारण एवढे बारीक तिला खोलीत कधीच ऐकू आले नसते. विसावे मिनिट आले. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने हाताने थांबवले, पुन्हा लाव म्हणून खूण केली, पुन्हा ऐकले.

"अगं, फडताळातले डबे," ती म्हणाली. "पितळेचे. ह्यांनी हात टाकला की बोलायचे. मी मध्ये फडकी घालून ठेवायची, त्या दिवशी राहिली असतील. घरात इतकी माणसं जेवायची होती."

दादा तोवर संगणक उघडून बसला होता. तेवढा आवाज नेमका उपटून काढता येतो, दहा मिनिटांचे काम आहे, पखवाजाला धक्का लागणार नाही, असे तो सांगू लागला. मी आजीला विचारले, "काढायचा का गं?" तिला ते ऐकू गेले नाही. हेडफोन अजून तिच्या कानांवर होते आणि ती तिसऱ्यांदा ऐकत होती.

"सगळे नाहीत वाजत," ती आम्हा दोघांना जरा मोठ्यानेच म्हणाली. "वरच्या फळीवरचा एकच आहे. त्याचं झाकण सैल होतं. हरभऱ्याच्या डाळीचा."